आजीची पुरचुंडी : काय ठेवायचे, काय सोडायचे?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ घटकाभर बसले की जुन्या औषधांच्या गोष्टी निघतातच. पोट दुखले की ओव्याचा शेक, खोकल्याला अडुळशाचा काढा, सर्दीला सुंठ-गूळ. आमच्या आजीचा सगळा दवाखाना एका फडक्याच्या पुरचुंडीत मावत असे. ती काही हौस नव्हती. दवाखाना लांब, गाठीला पैसा नाही आणि आपल्या वस्तीत पाऊल टाकायला डॉक्टर राजी नाही, अशी ती परिस्थिती होती.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीबाहेरच थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले आणि नवऱ्याने बायकोला लावले. डॉक्टरने तिला हातही लावला नाही. ती बाई वाचली नाही. अशा काळात आपल्या आज्यांनी पुरचुंडीवर लेकरे जगवली.

म्हणून त्यांची आठवण आम्ही आदराने काढतो. पण त्या काळचा प्रत्येक उपाय आज करावा, असे नाही. ओव्याचा शेक, सुंठेचा चहा खुशाल चालू द्या. मात्र जुलाब लागले की मुलाचे पाणी तोडायचे, ही जुनी समजूत जीवघेणी आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजूनच असंख्य जीव वाचवले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घ्या. ते घोटघोट पाजत राहा. अंगावरचे दूध तोडू नका. ओआरएसची पुडी मिळाली तर अधिक चांगले. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

बाळाच्या पोटावर चटके कधीही देऊ नका. २०२५ सालीही मेळघाटातून तशी बातमी आली. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नका, गुटीतूनही नको. भाजले तर शाई, टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे गार पाणी सोडा. कुत्रा चावला तर मिरची भरू नका. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

आज्यांना जे दार बंद होते, ते आज आपल्या हक्काचे आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांचे उपाय वहीत लिहून घ्या. आणि कोणता उपाय कोणत्या मुलाला वाचवू शकला नाही, हेही विचारून त्याच वहीत लिहा.