चिखलातील चाक आणि वजनाचा भ्रम

भाताच्या खाचरात रुतलेल्या ट्रॅक्टरची कथा कुट्टनाडपासून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत एकच असते. चाके फिरतात, एंजिन गर्जते, आणि ट्रॅक्टर तसूभरही पुढे सरकत नाही. अशा वेळी बांधावर जमलेल्या मंडळींच्या तोंडी बहुधा एकच उपाय येतो : अधिक अश्वशक्तीचा, अधिक वजनाचा ट्रॅक्टर घ्यावा. हा उपाय बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे, आणि त्याची खरी किंमत ट्रॅक्टरच्या मालकापेक्षा जमिनीलाच अधिक द्यावी लागते.

चाकाला पुढे जावयाचे तर त्याने माती मागे रेटली पाहिजे, आणि त्या रेट्याला मातीने टिकाव धरला पाहिजे. हा टिकाव कशावर अवलंबून असतो याचा विचार कूलोम या फ्रेंच अभियंत्याने १७७३ साली मांडला. मातीचा प्रतिकार दोन प्रकारचा असतो. एक, कणाकणांतील घर्षण. ते वरून पडणाऱ्या भाराबरोबर वाढते. दुसरा, कणांचा परस्परांतील चिकटपणा. त्याला भाराशी कर्तव्य नसते, तो केवळ चाकाखाली किती क्षेत्र आले यावर अवलंबून असतो. पुढे एम. जी. बेकर यांच्या १९५६ सालच्या ग्रंथाने हाच विचार वाहनांच्या चालीस पद्धतशीरपणे लावून दाखविला.

आता पाण्याने तुडुंब भरलेल्या चिकणमातीकडे पाहावे. तिच्यातील घर्षणाचा अंश शून्याच्या जवळ येतो, कारण वरचा भार कणांनी पेलण्याऐवजी छिद्रांतील पाणी पेलते. ज्या कोरड्या मातीचा घर्षणकोन ३० अंश आहे, तेथे मागील चाकांवर १०० किलोग्रॅम भार वाढविला तर सुमारे ५८ किलोग्रॅम ओढ अधिक मिळू शकते. चिखलात तोच भार जवळजवळ काहीच देत नाही. उलट चाक अधिक खोल जाते, आणि मिळालेल्या शक्तीचा मोठा भाग स्वतःच खणलेल्या चरातून वर येण्यात खर्च होतो. टायरमध्ये पाणी भरण्याची सर्वत्र रूढ झालेली चाल नांगरटीच्या कोरड्या रानात उपयुक्त आहे, वाळूमय ओल्या जमिनीतही ती काही अंशी चालते. परंतु भाताच्या खाचरात तीच शत्रू ठरते.

मग एवढे ट्रॅक्टर खाचरात चालतात तरी कसे? याचे उत्तर चिखलाखाली आहे. वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या शेतात साधारणतः १५ ते २५ सेंटिमीटर खोलीवर मातीचा एक घट्ट थर तयार झालेला असतो. बैलांच्या व रेड्यांच्या खुरांनी आणि नांगराच्या तळाने तो पिढ्यान्‌पिढ्या दाबला गेला. तो पाणी धरून ठेवतो, आणि चाकालाही आधार देतो. ट्रॅक्टर चिखलावर चालत नसतो. तो चिखलातून जाऊन या थरावर चालत असतो. (रेड्याचा दुभंगलेला खूर रुतताना पसरतो आणि वर निघताना मिटतो, ही सोय चाकाला नाही.) हा थर जेथे मुळातच नाही, किंवा जड चाकांच्या घसरणीने जेथे तो फुटला आहे, तेथे कितीही अश्वशक्ती आणली तरी ती तळ शोधीत खाली जाते. दुसऱ्या बाजूस, उत्तर भारतातील भातानंतर गहू घेणाऱ्या सुमारे १ कोटी हेक्टर क्षेत्रात हाच थर जड यंत्रांनी अधिक घट्ट झाला, तर गव्हाच्या मुळांची वाट अडते. एकाच थराला भातासाठी जपावयाचे आणि गव्हासाठी सैल ठेवावयाचे, असा हा पेच आहे. यंत्राचे वजन वाढवून तो सुटणार नाही.

वजनापेक्षा क्षेत्र वाढविणे हा शहाणपणाचा मार्ग होय. मागील टायरांना जोडलेली पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके, ज्यांना शेतकरी केज-व्हील म्हणतात, हेच काम करतात. त्यांच्या आडव्या पट्ट्या मातीत शिरून मोठा पृष्ठभाग मागे रेटतात, आणि उघड्या सांगाड्यामुळे चिखल चाकास धरून बसत नाही. खोल दात्यांचे भाताचे टायरही याच जातीचे. पण याच लोखंडी चाकांनी ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला की रस्ता सोलून निघतो. शेताच्या तोंडाशी चाके चढविण्या-उतरविण्याची सोय होईल अशी सुलभ जोडणी कारखानदारांनी द्यावी. नुसत्या दंडाने हा प्रश्न मिटत नाही. चीनमध्ये नावेसारख्या तळावर ट्रॅक्टरचा भार तरंगत ठेवून चाकांकडे फक्त रेटण्याचे काम देणारी यंत्रे बनली. कुट्टनाडसारख्या, समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या भूमीत त्या विचाराला अधिक मान मिळावयास हवा होता.

रुतलेला ट्रॅक्टर काढण्याची एक रीत मात्र तात्काळ बंद व्हावी. मागील चाकांना लाकडी ओंडका साखळीने बांधून पुढचा गिअर टाकतात. ओंडका अडकला की चाक फिरू शकत नाही. मग एंजिनाचे बळ चाकाऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरविते, पुढचा भाग उचलला जातो, आणि एक-दीड सेकंदात यंत्र चालकाच्या अंगावर उलटते. क्लच दाबण्याइतकाही अवधी उरत नाही. अवजार सोडवून, चाकांमागची माती काढून उलट्या गिअरने सावकाश मागे येणे, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब दोराने खालच्या आकड्यातून ओढणे, हे त्याहून पुष्कळ सुरक्षित.

मध्य प्रदेशात बुदनी येथे अनेक वर्षांपासून ट्रॅक्टरांची परीक्षा होत आली आहे. ओढीचा जो आकडा ग्राहकापुढे मिरविला जातो तो काँक्रीटच्या कठीण धावपट्टीवर मोजलेला असतो. चिखलणीचीही चाचणी तेथे घेतली जाते, पण विक्रीच्या पत्रकात तिला स्थान क्वचितच मिळते. भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पत्रकात अश्वशक्तीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, मागील चाकांखाली जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला किती भार पडतो हे छापलेले असावे.