निळीची भुकटी आणि आतड्याचे व्रण

व्रणयुक्त बृहदांत्रदाह हा चिवट रोग आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरास व्रण पडतात, शौचावाटे रक्त जाते, आणि बरे वाटते न वाटते तोच तो पुन्हा उफाळतो. नित्याच्या औषधांना कंटाळलेला रुग्ण चिनी वनौषधींकडे वळला तर नवल नाही, बंगळूरच्या के. आर. पुरममधील रुग्णासही त्या घरपोच मागविणे आज अवघड नाही.

त्यांपैकी ‘छिंग-दाय’ ही भुकटी विशेष विचारार्ह आहे. नीळ देणाऱ्या वनस्पतींची पाने पाण्यात भिजवून, चुना घालून घुसळल्यावर वर येणारा फेस वाळविला की ती सिद्ध होते. (केसांसाठी विकतात ती निळीच्या पानांची पूड निराळी, ती पोटात घ्यावयाची नव्हे.)

ही भुकटी म्हणजे निव्वळ थोतांड, असे म्हणणाऱ्यांची २०१८ साली अडचण झाली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत ८६ रुग्ण होते. आठ आठवड्यांनंतर, औषधहीन भुकटी घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे १४ जणांस उतार पडला. रोज एक ग्रॅम छिंग-दाय घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ७५ होते.

परंतु हीच चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. चाचणीबाहेरच्या एका रुग्णाने ही भुकटी स्वतः विकत आणून सहा महिने घेतली होती. त्याच्या फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीतील दाब वाढला. अशा रुग्णांविषयी जपानच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच इशारा दिला होता. तेव्हा ‘झाडपाल्यास अपाय कसला?’ हा युक्तिवादही टिकत नाही. जे द्रव्य आतड्यावर इतका परिणाम घडविते, ते अन्य इंद्रियांस स्पर्श न करता निघून जाईल, असे मानण्यास आधार काय?

या विकाराचे पहिले लक्षण म्हणजे चालताना लागणारी धाप. के. आर. पुरमच्या तारांनी तोललेल्या पुलापाशी वाहनांच्या गर्दीतून जाणारा मनुष्य तिचा दोष धुरास आणि धुळीस देईल, हे उघड आहे. डॉक्टरांना भुकटीचा पत्ता नसतो, कारण रागावतील या भीतीने रुग्ण ती लपवितो. हा दोष एकट्या रुग्णाचा नाही. ‘आणखी काय घेता?’ हे प्रत्येक भेटीत सौम्यपणे विचारणे, आणि भुकटी घेणाऱ्यास धाप लागत असेल तर हृदयाची ध्वनिलहरींद्वारे तपासणी करविणे, हे डॉक्टरांचे काम आहे. भुकटी बंद केल्यावर काही रुग्णांतील दाब उतरल्याचे जपानी वैद्यांनी नोंदविले आहे. मात्र त्यासाठी ती घेतली जात आहे, हे आधी कळावयास हवे.