भित्र्या वाचकाची कैफियत

भुताखेतांच्या गोष्टी आम्हांस मुळींच मानवत नाहींत, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचे सोबती नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा मिटक्या मारीत वाचीत, तेव्हां आम्ही त्या पुस्तकाचें मुखपृष्ठहि दिसूं नये म्हणून तें पालथें घालून ठेवीत असूं. पिंपळावर मुंजा राहतो असें कोणीं सांगितल्यापासून पिंपळाखालून जातांना आमचीं पावलें आपोआप झपझप पडूं लागत. अशा आमच्यासारख्यानें एक भयप्रद अद्भुत कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचावी, आणि वर तिची शिफारस करावयास बसावें, हें पाहून आमच्या परिचितांस हसूं येईल. त्यांनीं खुशाल हसावें. मात्र आमचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें, एवढीच विनंति आहे.

सदर पुस्तकाचें नांव 'अ मॉन्स्टर कॉल्स'. तें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकाबाईंची. कथेचीं पात्रें व तिचा आरंभ त्यांनीं योजिला होता. परंतु २००७ सालीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, कर्करोगानें त्यांचा अंत झाला आणि कथा लिहावयाची राहिली. पुढें पॅट्रिक नेस यांनीं ती लिहिली व जिम के यांनीं काळ्याकरड्या चित्रांनीं सजविली. ब्रिटनमध्यें लेखनासाठीं दिलें जाणारें कार्नेगी पदक व चित्रांसाठीं तेव्हां दिलें जाणारें केट ग्रीनअवे पदक, हीं दोन्ही २०१२ सालीं या एकाच पुस्तकास मिळालीं. असा योग पूर्वीं कधीं आला नव्हता.

कथा थोडक्यांत अशी. तेरा वर्षांचा कॉनर आपल्या आईसह राहतो. आई दुर्धर दुखण्यानें दिवसेंदिवस खंगत आहे. वडील अमेरिकेंत दुसरा संसार थाटून बसले आहेत. आजीचें आणि त्याचें पटत नाहीं. एके रात्रीं बारा वाजून सात मिनिटांनीं, घरामागील टेकडीवरच्या चर्चच्या आवारांतील यू नांवाचा जुनाट वृक्ष राक्षसाचें रूप घेऊन चालत येतो, आणि खिडकीशीं उभा राहून त्यास हांक मारतो. येथवर वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. त्या रात्रीं आम्हीं दिवा मालविला नाहीं, हें सांगणें नलगे.

दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं, स्वयंपाकघरांत भांड्यांचा आवाज चालू असतां, आम्हीं तें पुन्हां उघडलें. तेव्हां एक विलक्षण गोष्ट ध्यानीं आली. ज्या राक्षसास आम्ही भ्यालों, त्यास कॉनर मुळींच भीत नाहीं! कारण त्याहून भयंकर असें एक स्वप्न त्यास रोज पडतें, आणि तें तो कोणासहि सांगत नाहीं. राक्षस त्यास तीन गोष्टी सांगतो. चौथी मात्र कॉनरनें सांगावयाची, आणि ती खरी असली पाहिजे, अशी त्याची अट आहे. ती चौथी गोष्ट कोणती, हें येथें सांगून आम्ही वाचकांचा रसभंग करीत नाहीं.

आम्हांस खरें भय वाटलें तें शाळेंतील प्रसंगांचें. आईच्या आजाराची वार्ता शाळेंत पसरते आणि मुलें कॉनरपासून दूर सरकूं लागतात. गुरुजन त्याच्याशीं हलक्या स्वरांत बोलतात. त्यानें मोठा अपराध केला तरी कोणी शिक्षा करीत नाहीं. आधींच दुःखांत असलेल्या मुलास आणखी काय शिक्षा करावयाची, असें सर्वांस वाटतें. हेतु दयेचा, पण पोरास वाटतें कीं आपण कोणास दिसतच नाहीं. जिवंत मुलाचें असें भूत व्हावें, यापरतें भयंकर तें काय?

हें वाचतांना आमच्या वर्गांतील एका सोबत्याची आठवण झाली. त्याची आई पुष्कळ महिने आजारी होती. आम्ही त्याच्याशीं क्रिकेटविषयीं बोलत असूं, परीक्षेविषयीं बोलत असूं. आईची चौकशी मात्र आम्हीं एकदांहि केली नाहीं. काय बोलावें हें न सुचल्यामुळें आम्ही गप्प राहिलों, आणि त्या गप्प राहण्यास आम्हीं समजूतदारपणा असें नांव दिलें. तो केवळ भित्रेपणा होता, हें आम्हांस या राक्षसानें शिकविलें.

म्हणून आमचें मत असें कीं, भय वाटतें एवढ्याच कारणास्तव एखादें पुस्तक मुलांच्या हातून काढून घेऊं नये. डिकन्सची १८४३ सालची नाताळची गोष्ट घ्या. तींतहि भुतें आहेतच. पण तीं एका कृपण म्हाताऱ्यास माणूस करण्यासाठीं येतात. खुद्द यू वृक्षाचें पहा. त्याचीं पानें व बी विषारी. तथापि याच जातीच्या वृक्षांपासून कर्करोगावरील औषधें निघालीं आहेत, आणि कथेंतील आईलाहि शेवटीं तसेंच औषध देतात.

अर्थात् सगळींच भयकथा-पुस्तकें वाचनीय आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. केवळ रक्ताचे पाट वाहवून अंगावर शहारे आणणारीं पुस्तकें आम्ही आजहि उघडीत नाहीं, आणि त्याची आम्हांस लाजहि वाटत नाहीं. जो विद्यार्थी असें पुस्तक नको म्हणेल, त्यास भित्रा म्हणून चिडवूं नये. पालकांनींहि सक्ति करूं नये व बंदीहि घालूं नये. जवळ बसून दोन पानें मोठ्यानें वाचून दाखवावीं. ज्या घरांत कोणी आजारी असेल, तेथें तर हें पुस्तक मुलाच्या हातीं एकट्यानें वाचावयास न देतां सोबतीनें वाचावें. मध्येंच रडूं आलें तर येऊं द्यावें. मुलानें कांहीं विचारलें, तर 'तुला काय कळतें!' असें न म्हणतां खरें तेंच सांगावें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या बाकावरील एखादा सोबती अलीकडे अबोल झाला असेल, तर मधल्या सुटींत त्याच्याजवळ जाऊन बसा आणि 'आई कशी आहे?' एवढें विचारा. आम्हीं तें विचारलें नाहीं, याची टोंचणी अद्यापि आहे.

असो. आमचा भित्रेपणा समूळ गेला, असें मात्र कोणीं समजूं नये. याच धर्तीचें दुसरें एक पुस्तक आम्हीं आणून ठेविलें आहे. तेंहि आम्ही दुपारींच वाचणार!