मला माफ करू नका, शिकवा

‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ हे वाक्य ज्यानं कधीच ऐकलं नाही असा महाराष्ट्रातला मुसलमान तरुण मला अजून भेटायचाय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, म्हणून आपण हसून ‘थँक्यू’ म्हणतो. नंतर एसटीत बसल्यावर प्रश्न पडतो की माझ्याच शेजारी बसणाऱ्या, माझ्याच गावच्या, माझ्याइतकंच मराठी येणाऱ्या मुलीला हे कुणी का म्हणत नाही?

माझं गाव कळस, तालुका इंदापूर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी, कॉलेज बारामतीत. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट होता, आता विद्यार्थी सवलतीचा काढते. सकाळची गाडी चुकली तर पहिला तास जातो, म्हणून आमच्या घरात फजरची अजान आणि माझ्या डब्याची घाई एकाच वेळी सुरू होते. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की गाडी हमखास उशिरा. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की त्या गाडीत चढणारी आम्ही सगळी पोरं एकाच मातीची आहोत आणि एकच बोली बोलतो. फरक पडतो तो वर्गात गेल्यावर.

आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या तोंडी ‘ण’ बसत नाही. पानी, लोनी, कोन आलं, शानी पोरगी. इंदापूर, दौंड, फलटण, करमाळा, कुठूनही आलेलं पोर घरून हाच ‘न’ घेऊन येतं. कवितेचं प्रकट वाचन असलं की तो बाहेर पडतो. माझी मैत्रीण धनगराची. ती ‘पानी’ म्हणाली की मागच्या बाकावरून ‘गावठी’ असा आवाज येतो आणि सर तिला तो शब्द तीनदा म्हणायला लावतात. एखादा मराठा मुलगा म्हणाला तर सर म्हणतात, ‘पाटील, आता शहरात आलात, जीभ वळवा जरा.’ मी ‘पानी’ म्हणाले की सर थांबतात आणि मायेनं म्हणतात, ‘असू दे बाळ, तुमच्याकडं घरी हिंदी बोलतात ना.’

चूक एकच. तिची चूक गावाची, त्याची चूक सवयीची आणि माझी चूक धर्माची.

सर वाईट नाहीत, उलट फार चांगले आहेत. नोट्स देतात, पुस्तकं देतात, घरी उशीर होईल म्हणून मला लवकर सोडतात. पण तिला ते दुरुस्त करतात आणि मला माफ करतात, याचा मला त्रास होतो. घरच्या पोराला आपण रागावतो, पाहुण्याच्या पोरानं कप फोडला तर ‘असू दे, असू दे’ म्हणतो. मराठीच्या वर्गात मी पाहुण्याची पोर ठरले आहे आणि हे पाहुणेपण इतकं प्रेमळ आहे की त्याच्याविरुद्ध तक्रारसुद्धा करता येत नाही.

आता घरी काय बोलतो ते सांगते. आमच्या भागात तिला लोक ‘मुसलमानी’ म्हणतात, पुस्तकात तिचं नाव दखनी आहे. ‘मेरेकू नको’, ‘उसकाच काम है’, ‘कल जानार’. यातला ‘नको’ मराठीचा, जोर देणारा ‘च’ मराठीचा, ‘जानार’चं शेपूट मराठीचं. ही भाषा दिल्लीच्या माणसासमोर बोलून बघा, तो हसेल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं याच दखनीत ‘किताब-ए-नवरस’ लिहिलं, पण ते सांगायला आपण थांबत नाही, आपणच लाजून गप्प बसतो. हिंदी, म्हणजे सरांच्या मनातली हिंदी, मी पाचवीत शाळेत शिकले, सगळ्यांसारखीच. दहावीला मला मराठीत ९१ मार्क पडले आणि हिंदीत ७४.

तरी मागच्या उन्हाळ्यात एका खासगी क्लासमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवण्याचं काम मागायला गेले, तेव्हा मराठीसाठी अर्ज दिला असताना तिथल्या बाईंनी मला हिंदी देऊ केलं. ‘तुम्हाला जमेल ना, घरचंच आहे.’ मी मार्कशीट पुढं केली. त्यांनी ती बघितली, परत दिली आणि म्हणाल्या, ‘पालक काय म्हणतील, तेही बघावं लागतं.’ हे वाक्य मी दोन-तीन दिवस डोक्यात फिरवत होते. मला जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचंय. पुढं बी.एड. करायचंय, टीईटी द्यायचीय, पवित्र पोर्टलवर नाव लागेपर्यंत वाट बघायचीय. एवढं सगळं करून वर्गात उभी राहिल्यावर ‘बाई, तुम्ही मराठी शिकवणार?’ असं एखाद्या पालकानं विचारलं, तर मार्कशीट कुणाकुणाला दाखवत बसू?

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेतले गेले. त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज भांडण. मी सक्तीच्या विरोधात लिहिलं तर एकानं विचारलं, ‘तुझं काय जातंय? तुम्हाला तर येतेच.’ त्यात ‘तुम्हाला’ हा एकच शब्द मला वाचता आला, बाकीचं वाक्य कळलंच नाही.

आता आपल्या घरातलं बोलू, कारण दोष सगळा पलीकडं ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. एका लग्नात मामूंनी विचारलं, काय शिकतेस? मराठी म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. ‘मराठी सिकके क्या मिलनार गे तेरेकू? उर्दू लेनेकी, अपनी जबान है.’ मामूंना उर्दू वाचता येत नाही. त्यांच्या दुकानातली उधारीची वही मराठीत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतलं त्यांचं भाषण मराठीत आणि ज्या वाक्यानं त्यांनी मला मराठी सोडायला सांगितलं त्या वाक्यातला ‘मिलनार’ही मराठीच. उर्दू सुंदर भाषा आहे. मी ती मोबाईलवर बघून हळूहळू शिकतेय आणि ज्या घरात ती आहे त्या घरानं ती जपावी. पण आमच्या घरात ती कधी नव्हती, तिला ‘अपनी’ म्हणून सांगणं आणि मराठीला ‘त्यांची’ म्हणून सांगणं हे सरांच्याच माफीचं दुसरं टोक आहे. सर म्हणतात ही पाहुणी आहे आणि मामू म्हणतात, हो, आम्ही पाहुणेच.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान १ कोटी २९ लाखांच्या वर होते आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे पन्नास लाखांहून जास्त मुसलमानांनी त्या रकान्यात दुसरंच काहीतरी सांगितलं. आणि उर्दू सांगणाऱ्यांतही आमच्या मामूंसारखे किती असतील, देव जाणे. पुढच्या जनगणनेला दारात माणूस येईल तेव्हा घरात आधी बसून बोला, एवढं मी तुम्हाला सांगेन. सवयीनं उत्तर देऊ नका.

असा विषय निघाला की आपली पोरं लगेच फारसी-अरबी शब्दांची यादी काढतात. हजेरी, दाखला, शाई, कागद, तारीख, तालुका, जिल्हा, वारस, हक्क. यादी खरी आहे. पण मला ती कंटाळवाणी वाटते, कारण ते शब्द बादशाहीच्या कचेरीतून आले, माझ्या आज्ज्याच्या घरातून नाही. आमचं घर मुलाण्याचं. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं, ते कॉलेजच्या ग्रंथालयात हाती लागलं तेव्हा त्यात मुलाणी बलुतेदारांमध्ये सापडला, सुतार-कुंभारांच्या रांगेत. गावानं मुलाण्याला बलुतं दिलं ते पाहुणा म्हणून नाही, त्याच्या कामाचं दिलं. तक्रारी, हेवेदावे, मानपान या सगळ्यासकट तो गावाचा होता.

आणि साहित्याचं म्हणाल तर फार लांब जायला नको. भीमा ओलांडली की श्रीगोंदा. तिथल्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिलं. मालोजीराजे भोसले त्यांना मानत अशी परंपरा आहे, त्याच मालोजीराजांची गढी इंदापुरात आहे. भीमेपलीकडंच करमाळा, डॉ. यू. म. पठाणांचं जन्मगाव. महानुभाव वाङ्मयाचे इतके मोठे अभ्यासक की १९९० साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, त्यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी आख्खा महाराष्ट्र आवाजानं हलवला. त्यांना गाणं आई मुनेरबीकडून मिळालं, तिच्या तोंडच्या ओव्यांतून. १९६९ च्या ऑगस्टमध्ये इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. मी रोज याच तालुक्यातून ये-जा करते आणि हे मला बी.ए.ला येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, शाळेतही नाही आणि मोहल्ल्यातही नाही.

आमच्या वर्गात शेख महंमदांवर एक तास झाला. तास चांगला झाला, पण शेवटी सर माझ्याकडं बघून म्हणाले, ‘बघ, तुमच्यातलेही किती मोठे होऊन गेले.’ तुकारामांच्या तासाला त्यांनी कुणाकडं बघून असं म्हटलं नव्हतं. तसंच २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचं. अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा पहिलाच कार्यक्रम म्हणून थाट मोठा होता. मला निबंध वाचायचा होता. मला दिलं काय, तर ‘मुस्लीम समाजाच्या वतीनं दोन शब्द’. माझा निबंध जात्यावरच्या ओव्यांवर होता. तो राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना स्टाफरूमच्या बाहेर गाठलं. म्हटलं, ‘सर, एक मागायचंय. माझापण ‘ण’ दुरुस्त करा. तिला तीनदा म्हणायला लावता, मला पण लावा.’ त्यांना आधी कळेना. मग कळलं आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुला वाईट वाटू नये म्हणून मी…’ मी म्हटलं, ‘ते माहितीय सर.’ मग मी दुसरंही मागितलं. माझ्या मैत्रिणीवर मागून हसतात ते थांबवा. कारण तिचा ‘न’ आणि माझा ‘न’ वेगळा नाही आणि पुस्तकातला ‘ण’ आमच्या दोघींच्याही घरचा नाही. परीक्षेला, नोकरीला तो लागतो म्हणून शिकायचाय. घरच्या बोलीची लाज वाटावी म्हणून नाही.

मुस्लीम मुलांची मराठी ‘अशुद्ध’ आहे ही तक्रार खरं तर गावाकडच्या सगळ्या पोरांबद्दलची तक्रार आहे, फक्त आमच्या बाबतीत ती धर्माच्या खात्यावर मांडली जाते. त्यामुळं आमचा ‘ण’ दुरुस्त होत नाही आणि त्यांची बोली टिकत नाही. तोटा दोघांना. मुस्लीम मुलानं ‘मी मराठीच’ असं एकट्यानं ओरडून सांगण्यापेक्षा शेजारच्या बाकावरच्या धनगर, रामोशी, मांग पोरांबरोबर बसून ‘आमची मराठी’ म्हणणं मला जास्त खरं वाटतं. तिथं आपण पाहुणे राहत नाही. काहींना हे पटणार नाही. आपली ओळख विरघळेल अशी भीती वाटते. पण माझी दादी नमाज अरबीतून पढते, कोंबड्यांवर दखनीतून ओरडते आणि दळताना तिनं आयुष्यभर मराठी ओव्या म्हटल्या. तिचं काही विरघळलेलं दिसत नाही.

सरांनी मग बोलीभाषांच्या प्रकल्पात बदल केला. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीवर पुस्तकातून उतरवण्याऐवजी प्रत्येकानं आपल्या घरातले शंभर शब्द आणायचे. मी आणि मैत्रिणीनं याद्या शेजारी ठेवल्या तर स्वयंपाकघरातले आणि गोठ्यातले शब्द जवळपास सगळे सारखे निघाले. फरक निघाला तो नात्यांच्या आणि सणांच्या शब्दांत. ‘कालवण’ दोघींचं, ‘कोरड्यास’ दोघींचं. ‘खाला’ माझी आणि ‘मावशी’पण माझीच, कारण आईच्या मैत्रिणींना मी तेच म्हणते.

हेमा राईरकर आणि गी पोइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या ऐकवल्यावर दादी म्हणाली, ‘ये तो मेरेकू भी आती.’ तेव्हापासून वहीत लिहून घेतेय. आतापर्यंत चाळीस झाल्यात. काहींची दुसरी ओळ तिला आठवत नाही. ती म्हणते, धनगरवाड्यावरच्या म्हातारीला विचार, आम्ही एकाच जात्यावर बसायचो. ती म्हातारी माझ्या मैत्रिणीची चुलत आजी निघाली. कानानं अधू आहे, पण ओवी म्हटली की लगेच सूर धरते म्हणे. येत्या रविवारी दादीला घेऊन आम्ही दोघी तिच्याकडं जाणार आहोत, मोबाईलची बॅटरी भरून.