निराधार दिसायचं कसं?

मावशीनं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. कचेरीत जायचं म्हंजे माणसासारखं जायचं. नेसण्यावरून जात कळेल असं नेसू नका, हे 1927 साली महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, आणि मावशीच्या घरात ते आजीपासून चालत आलेलं.

तहसील कचेरीत टेबलामागचा साहेब तिला वरखाली बघून म्हणाला, "बाई, तू काय निराधार वाटत नाहीस."

मी शेजारीच उभा. तोंडात आलेली शिवी गिळली. अर्ज तिचा होता, माझा नाही.

भावांनो, बहिणींनो, उद्या तुमच्या वस्तीतलीही कुणीतरी विधवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन त्या टेबलासमोर उभी राहणार. म्हणून लिहितोय. कागद मागतील: नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला. तलाठी चौकशी करील. इथवर ठीक. मग कुठल्याच कागदात नसलेले प्रश्न सुरू होतात. नवरा कशानं मेला? पीत होता का? भाऊ बघत नाहीत? हे प्रश्न उत्तरासाठी नसतात. मान किती खाली जाते ते बघायला असतात.

आणि शेवटी सापळा: "वर्षाचं उत्पन्न किती?"

हिशोब करा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलं तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत पाहिजे. म्हंजे दिवसाला 58 रुपयेही नाहीत. 2019 साली अनुदान 600 चं 1,000 झालं, 2023 साली 1,500. अट मात्र दोन्ही वेळा तिथंच. 2024-25 ला रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. 71 दिवस माती उचलली की 21,087 होतात. केंद्राचा कायदा 100 दिवस कामाची हमी देत होता, आणि 71 दिवस राबलेली बाई सरकारच्या लेखी निराधार नव्हती!

मग काय होतं? दाखल्यावर आकडा बसवला जातो. ते गावाला माहीत, साहेबाला माहीत, कमिटीवाल्याला माहीत. नियम गरिबाला आधी खोटं बोलायला लावतो, मग त्याच खोट्याची दोरी पुढाऱ्याच्या हातात देतो. मत इकडंतिकडं गेलं की फेरतपासणीची धमकी. ही मदत नव्हे, गळ्यातलं दावं आहे.

मावशीनं खरं सांगितलं. "खुरपायला जाते, काम असंल तवा." साहेबानं पेन खाली ठेवला.

माझं म्हणणं एवढंच: आपल्या पोरांनी त्या टेबलाशेजारी उभं राहिलं पाहिजे. एकटीला पाठवू नका. अर्जाची पोच घ्या. नामंजूर केला तर कारण लेखी मागा. दिलं नाही तर 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. मोर्चा काढाल तेव्हा नुसतं अनुदान वाढवा म्हणू नका, त्या 21,000 च्या अटीवर चालून जा. घटनेचं 41 वं कलम म्हातारपणात, आजारात, बेकारीत सरकारी मदतीची गोष्ट करतं. त्यात भिकेचा शब्द नाही.

मावशीला पुढची तारीख मिळालीय. शेजारीण म्हणाली, "या टायमाला फाटकं नेसून जा गं."

मावशी तेच लुगडं धुऊन वाळत घालतीय.