जेवणाची सुट्टी कुणाच्या घड्याळाने?

दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या पुण्यातल्या दुकानांची चेष्टा करून झाली. जुलै २०१७ पासून चितळे बंधूंनी दुपारीही दुकाने उघडी ठेवली, तेव्हा त्याचीही बातमी झाली. शटर खाली आले की काउंटरवरच्या माणसाचा डबाही ठरल्या वेळी उघडत असे, हा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीत साडीच्या दुकानात बघावे. गिऱ्हाईक गादीवर बसलेले, समोर साड्यांचा ढीग, आणि विक्रेता ‘ताई, हा रंग बघा’ म्हणत आणखी एक घडी मोडतो. ते उठेपर्यंत पुढचे आलेले असते. ‘गर्दी ओसरली की जा जेवायला,’ असे गल्ल्यावरून सांगितले जाते. दहाला कामावर आलेल्याची गर्दी साडेचारला ओसरली, तर कायदा केव्हाच मोडलेला असतो. पण त्याची तक्रार करणार कोण?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचे तर मधे किमान अर्धा तास सुट्टी देणे बंधनकारक केले. १९४८ च्या जुन्या कायद्यात दुकानातल्या नोकरासाठी ती सर्वसाधारणपणे एक तासाची होती. अर्धा तास गेला, त्याची फारशी ओरड झाली नाही. उरलेला अर्धा तास नेमका कधी, हे बहुतेक ठिकाणी मालक किंवा मॅनेजर ठरवतो. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला ‘बघू नंतर’ परवडत नाही.

हा वाद नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. पुण्यात १८७७ साली निघालेले ‘दीनबंधू’ वृत्तपत्र पुढे मुंबईत त्यांनीच चालवले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारकडे धाडले. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाची मागणी होती. १८९१ च्या कारखाने कायद्याने ती दिली आणि वेळही बांधली: दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान. तो अर्धा तास मुकादमाच्या मर्जीवर सोडला नाही, हे त्यातले खरे शहाणपण.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात आजही कामाच्या वेळांची सूचना कायद्याने फलकावर लावावी लागते. दुकानाला हे जड का जावे? सगळ्यांनी एकदम उठावे असे कुणी म्हणत नाही. आदल्या दिवशी कामगारांना विचारून पाळ्या लावाव्यात, अडचण आली तर दोघांनी आपसात बदलून घ्याव्यात. केरळात दुकानांतल्या बायकांनी लढून २०१८ मध्ये कामावर बसण्याचा हक्क कायद्यात आणला. तिथली दुकाने काही बुडाली नाहीत.

महाराष्ट्राची पावले मात्र उलटी पडत आहेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने कारखान्यांत पाचऐवजी सहा तासांनी विश्रांती देण्यास मंजुरी दिली. त्याच बैठकीत दुकाने कायद्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेण्याचेही ठरले. पेठांतल्या बारा-पंधरा नोकरांच्या दुकानांना मग त्या अर्ध्या तासाचीही सक्ती उरत नाही.