उघड्या दाराआडचे कैदी

लुई बुन्युएल यांचा 'संहारक देवदूत' हा १९६२ सालचा मेक्सिकन चित्रपट म्हणजे रिकामटेकड्या बुद्धिवाद्यांचा चाळा, असे मत पुरोगामी वर्तुळांतही अधूनमधून ऐकू येते. हे मत चित्रपटापेक्षा ते मांडणाऱ्यांविषयीच अधिक सांगून जाते.

ऑपेराहून परतलेली धनिक मंडळी नोबिले यांच्या प्रासादात मेजवानीस जमतात. त्याच सुमारास नोकरचाकर काहीबाही सबबी सांगून निघून जातात. मेजवानी आटोपते, पण दिवाणखान्याचा उंबरठा कोणासच ओलांडता येत नाही. कुलूप नाही, पहारा नाही, दार सताड उघडे! पाण्यासाठी भिंत फोडून नळ गाठावा लागतो, सामान जाळून मेंढ्या भाजल्या जातात आणि अखेर यजमानाच्याच बळीची भाषा सुरू होते. परश्रमावर पोसलेल्या वर्गाची सभ्यता किती तकलादू असते, याचे इतके हास्यास्पद आणि इतके भेदक दर्शन क्वचितच घडते. (मेक्सिकोत श्रीमंती थाटाचे हातरुमालही धड मिळाले नाहीत, अशी बुन्युएल यांची आत्मचरित्रात तक्रार आहे!)

मात्र एवढ्यावर समाधान मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. नोकरांचे जाणे हा संप नव्हे. त्यांची मागणी नाही, संघटना नाही. आपण का जात आहोत हेही त्यांना उमगलेले नाही. मागे राहिलेला कारभारी हुलिओ मालकांबरोबरच अडकतो. बाहेर जमलेला जमाव आणि पोलीस यांनाही आत पाऊल टाकता येत नाही. म्हणजे बंधन केवळ आतल्यांचे नाही. कैदी सुटतात त्याच सुमारास नोकरही फाटकाशी परत येऊन उभे राहतात.

सुटका तरी कशी होते? पहिल्या रात्रीच्या जागा आणि तेच संभाषण पुन्हा वठवून. पुढे आभारप्रार्थनेसाठी सारे चर्चमध्ये जमतात आणि तेथे धर्मगुरूंसह अडकतात. बाहेर जमावावर गोळीबार होतो, मेंढ्यांचा कळप चर्चमध्ये शिरतो. बुन्युएल हे यादवी युद्धानंतर मायदेशाला दुरावलेले; त्यांच्या 'विरिदियाना'ला १९६१ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि फ्रँकोच्या स्पेनने त्यावर बंदी घातली. चर्च आणि बंदूक यांचे साहचर्य त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

अभ्यासवर्गात हा चित्रपट अवश्य दाखवावा. श्रीमंतांच्या फजितीवर हसून झाले, की चर्चेचा पहिला प्रश्न मात्र असा असावा: नोकर परत का आले?